सासूच्या नावाची गोळी

आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावच्या बाजारात मंजुळाबाईच्या पालेभाजीला हात लावून पाहायची सोय नाही. जुडी उचलायची आणि पिशवीत टाकायची, नाहीतर पुढं सरकायचं. एखादी बाई मेथीचं पान चुरगाळून वास घ्यायला लागली की मंजुळाबाई विचारते, "भाजी घ्याला आली का सोयरीक जमवाला?" शिवाय कोणती भाजी कशी करायची हे ती न विचारता सांगते. माझ्या बायकोनं एकदा "मला येते हो करता" असं म्हटलं, तर पुढचे दोन आठवडे आमच्या पिशवीत फक्त शेपू आला. आमच्या घरात शेपू कोणी खात नाही, हे मंजुळाबाईला पक्कं माहीत होतं.

ती बसते त्याच्या समोरच माझं औषधाचं दुकान आहे. माझं नाव विजयकुमार. लोक मला डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही हे सांगून सांगून जीभ झिजली, तेव्हा आता सांगत नाही. दिवसभर माणसं येतात आणि 'ताकदीची बाटली' मागतात. बाटलीत ताकद नसते, साखर असते, हे सांगितलं की त्यांना मीच खोटा वाटतो. या एका गोष्टीवरून माझं डोकं रोज फिरतं.

मंजुळाबाईचं घर लहान. विहिरीजवळचा अर्धा एकर, त्यात वाफे. नवरा उकंडराव पाणी देतो आणि ते उरकलं की हॉटेलात चहाला जातो. मुलगा बालाजी गोरेगावहून सेनगाव, हिंगोलीपर्यंत जीप चालवतो. सून प्रियंका बारावी झालेली, कमी बोलणारी. गेल्या वर्षी प्रियंकाला दिवस गेले. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत कळलं की पोटातल्या लेकराच्या पाठीचा कणा मिटलेलाच नाही, पाठ उघडी राहिली आहे. ते लेकरू वाचलं नाही.

गावानं चौकशी न करता निकाल दिला. प्रियंकानं ग्रहणात भाजी चिरली असणार. पालेभाजीवाल्यांच्या घरात हा आरोप फार सोपा. त्या घरात दिवस उजाडतो तोच विळा घेऊन.

तीन महिन्यांनी मंजुळाबाई सुनेला घेऊन हिंगोलीला डॉक्टरीणबाईंकडे गेली. परत आल्यावर सुनेला घरी पाठवलं आणि स्वतः थेट माझ्या दुकानात आली. चिठ्ठी काउंटरवर ठेवून म्हणाली, "इजू, वाच. मोठ्यानं नको."

मी वाचलं. "फोलिक ॲसिड."

"काय?"

"फोलिक ॲसिड, मावशी."

"ॲसिड? बालाजी ब्याटरीत वततो ते? त्या बाईचं डोस्कं ठिकानावर हाय का?"

मी म्हटलं, मावशी, लिंबात ॲसिड असतं, चिंचेत असतं, सगळीच ॲसिडं काही ब्याटरीतली नसतात. हे जीवनसत्त्व आहे. हिरव्या पाल्यात असतं, मुगात, हरभऱ्यात, शेंगदाण्यात असतं. आणि मग मला शहाणपणा सुचला. आमच्या अभ्यासात शिकवलेली एक गोष्ट आयुष्यात कधी कामाला आली नव्हती, ती मी सांगून टाकली. म्हटलं, याच्या नावाचा अर्थच मुळी पान. पानावरूनच हे नाव पडलंय.

मंजुळाबाईचा चेहरा उतरला. मला वाटलं होतं तिला मौज वाटेल.

"म्हंजी माझ्या घरात पानाची कमी पडली म्हन," ती हळू म्हणाली. "साऱ्या गोरेगावला पाला मी खाऊ घालते. आन माझ्या सुनेच्या अंगात न्हाई."

"तसं नाही मावशी, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?"

त्या नीट बोलल्या होत्या. कुणाचा दोष नाही, चांगलं खाणाऱ्या घरातही हे होतं, म्हणाल्या होत्या. भाजी रटारटा शिजवून पाणी फेकलं की त्यातला बराच भाग पाण्याबरोबर जातो. आणि एकदा असं लेकरू झालं की पुढच्या खेपेला नुसत्या भाजीवर भागत नाही, भाजीही हवी आणि रोज एक गोळीही हवी. ती गोळीसुद्धा दिवस गेल्यावर नाही, त्याच्या तीन महिने आधीपासून. कारण पाठ मिटायची ती पहिल्या महिन्यातच मिटते. बाईला आपल्याला दिवस गेलेत हे कळतं, तोवर ते काम होऊन गेलेलं असतं.

"बराबर सांगितलं त्यांनी," मी म्हटलं.

"बराबर हाय रे. पन आमच्या घरी काय शिजतं ठाव हाय का तुला? बाजार उठल्यावर राहिलं ते. पिवळं पडल्यालं. चांगली जुडी इकाला असती." मग तिनं हात पुढं केला. "आन ती गोळी."

पाकीट फोडून तिनं एक गोळी तोंडात टाकली, माझ्या तांब्यातलं पाणी प्याली आणि दुकानाच्या पायरीवर बसली.

"मावशी, अहो सुनेची आहे ती!"

"म्हनूनच. आधी मला काय होतं का पाहाते. अर्धा तास बसते हितं."

मी गिऱ्हाइकाकडं वळलो. तेवढ्यात मिरच्या विकणारी भिकाबाई आली. मंजुळाबाईच्या शेजारीच तिचं दुकान, आणि गावात कोणाकडं काय चाललंय ते तिला माहीत नसलं तर तिला जेवण जात नाही.

"काय झालं वं मंजुळा? कशाची गोळी खाऊन राहिली?"

सुटे पैसे मोजत, मान वर न करता मी उत्तर दिलं. "गरोदर बायांना देतात ती."

माझी बायको म्हणते, तुम्ही औषधं विकता पण तुमच्या तोंडावर औषध नाही. ते खरं आहे. बोललो आणि मग चूक ध्यानात आली. सुनेला गोळ्या सुरू झाल्या हे भिकाबाईला कळणं म्हणजे साऱ्या गावाला कळणं. दुसऱ्या दिवसापासून बायांनी महिने मोजायला सुरुवात केली असती. प्रियंका ओकली का, चिंच मागितली का, बाहेर बसली का. आणि तीन-चार महिन्यांत काहीच दिसलं नाही तर पुढचं बोलणं आणखी वाईट. आधीच ती पोरगी बाजारात यायची बंद झाली होती.

मंजुळाबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"माझीच हाय," ती म्हणाली. "काहून? तुला पायजे का?"

सत्तावन्न वर्षांच्या मंजुळाबाईला दिवस गेले, ही बातमी संध्याकाळच्या आत शेवटच्या गल्लीपर्यंत पोचली. खरं कोणीच मानलं नाही, पण चघळायला कोण सोडतो? जीपमध्ये बालाजीला उतारू विचारायचे, भाऊ व्हनार का बहीन? हॉटेलात उकंडराव चहाची बशी तोंडाला लावतो न लावतो तोच कोणीतरी पेढे मागितले. म्हातारा तरातरा घरी गेला. मंजुळाबाईनं त्याला काय सांगितलं ते कळलं नाही, पण त्यानंतर तो हॉटेलात फिरकलाच नाही, घरीच चहा प्यायला लागला. गोळीचा हा फायदा डॉक्टरीणबाईनं सांगितला नव्हता, असं मंजुळाबाई म्हणायची.

दर महिन्याला ती भर बाजारातून उठून येई आणि मोठ्यानं मागे, "इजू, माझ्या गोळ्या दे." मी मान खाली घालून द्यायचो. मला तिची माफी मागायची होती. एकदा मागितलीही. ती म्हणाली, "माझं काय वाटोळं व्हनार हाय? हसतेत ते हसतेत. माझ्याकडं पाहून हसतेत, तवर तिच्याकडं कुनी पाहात न्हाई."

घरातलंही बदललं. सकाळी वाफ्यातली पहिली जुडी घरात ठेवायची आणि मग टोपली भरायची, असा नियम तिनं केला. उकंडरावनं तक्रार केली की चांगला माल घरातच जाऊन राहिला. त्याला ताटात मुगाचं वरण आणि पालक मिळाला, तोंड बंद झालं. भाजी शिजवलेलं पाणी ती आता वरणात घालते. आणि प्रियंका सगळ्यांच्या मागून जेवायची, ते बंद. गिऱ्हाइकांनाही नवीन हुकूम निघाला. "पानी फेकशील तर माझी भाजी नेऊ नगं."

दोन महिने असे गेले. तिसऱ्या महिन्यात एका दुपारी, बाजार नसताना, ती प्रियंकाला हाताला धरून दुकानात घेऊन आली. काउंटरवर पाकीट टाकलं. अकरा गोळ्या तशाच होत्या.

"इचार हिला. धा-अकरा दिवस झाले, खाऊन न्हाई राहिली. गोळी खाल्ली म्हनून मला खोटं सांगती."

प्रियंका बाकावर बसली. मी पुन्हा सगळं समजावलं, पाठ कशी मिटते, गोळी कशासाठी. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गोळीनं काय व्हनार हाय? मी खरंच ग्रहणात मेथी खुडली व्हती. गाडी भराची व्हती सकाळी. मला ग्रहन ध्यानातच न्हाई राहिलं." आणि रडायला लागली. "माझ्याच हातानं झालं ते."

म्हणजे इतके महिने पोरगी हे पोटात घेऊन बसली होती. गाव म्हणत होतं ते तिनं खरंच मानलं होतं. मला असा राग आला, की समोर ग्रहण असतं तर त्याच्याशी भांडलो असतो.

मंजुळाबाई तिच्या शेजारी बसली.

"मी ग्रहणात काईच केलं नव्हतं," ती म्हणाली.

आम्हाला काही कळलं नाही.

"बालाजीच्या आधीची गोठ हाय. अडतीस वर्षं झाली. माझी पयली पोरगी. तिची पाठबी अशीच उघडी व्हती, सुईनीनं सांगितलं. सासू म्हनली, ग्रहणात चिरलं असंल हिनं. आन मी तर ग्रहन हाय म्हनून सकाळपासून मांडी घालून बसली व्हती, पानी बी पेली न्हाई. सुई उचलली न्हाई. तरी झालं." तिनं काउंटरवरचं पाकीट उचललं. "ती पोरगी मला दावलीबी न्हाई. फडक्यात बांधून घेऊन गेले. मी हात लावते म्हनलं, तर हात लावू दिला न्हाई. मंग मीच म्हनू लागले, की व्हय, चिरलं असंल म्या कायतरी. अडतीस वर्षं म्हनत व्हते. तुला भाइर बसवून त्या डॉक्टरीनबाईला मी दोनदा इचारलं, ग्रहणाचं काय? ती म्हनली, आजी, ग्रहणाचा संबंधच न्हाई. मी जीपमधी बसून रडले. तू झोपली व्हती."

प्रियंकानं वर पाहिलं. "आत्याबाई, तुमी कवाच न्हाई सांगितलं."

"कुनाला सांगू? खाय गोळी."

तिनं माझ्यासमोर गोळी खाल्ली. मी पाणी दिलं. त्यानंतर एकही चुकली नाही. चुकलेल्या दिवसांमुळं डॉक्टरीणबाईंनी आणखी एक महिना थांबायला सांगितलं, तेवढं थांबले.

पुढं दिवस गेले. गोळी चालूच होती. पाचव्या महिन्यात सोनोग्राफी झाली त्या दिवशी मंजुळाबाईनं बाजार केला नाही. दुपारी बालाजीची जीप दुकानासमोर थांबली, आणि त्यानं आतूनच मला अंगठा दाखवला. कणा नीट आहे, सगळं नीट आहे, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. मी त्या दिवशी ताकदीची बाटली मागणाऱ्यालाही गोड बोललो. मंजुळाबाईचं मात्र समाधान नव्हतं. "मशीन सांगती व्हय," ती म्हणाली, "पन मशीनला काय, तिला सोताचं लेकरू थोडंच हाय."

प्रियंकाचं पोट दिसायला लागलं तेव्हा भिकाबाईच्या डोक्यात उजेड पडला. ती मंजुळाबाईच्या टोपलीशी येऊन बसली. "म्हंजी गोळी सुनेची व्हती. मला तवाच सांगितलं असतं तर?"

"तर तू तवापासून मोजत बसली असती."

भिकाबाई उठली आणि आपल्या मिरच्या निवडायला लागली. पुढच्या महिन्यात तिच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा ती दुकानात आली आणि इकडंतिकडं पाहून म्हणाली, "ती मंजुळाची गोळी हाय का?" मी म्हटलं, आधी पोरीला डॉक्टरीणबाईंना दाखवून आण. आणि या खेपेला मी मोठ्यानं बोललो नाही.

हिंगोलीच्या दवाखान्यात प्रियंकाला मुलगी झाली. आरोही नाव ठेवायचं ठरलं. पाच-सहा दिवसांनी मी आणि बायको त्यांच्या घरी पाहायला गेलो, तेव्हा अंगणात ऊन पडलं होतं आणि मंजुळाबाई पाटावर पाय पसरून लेकराला न्हाऊ घालत होती. पोरगी तिच्या पायांवर पालथी. तेलाची वाटी शेजारी. मंजुळाबाईचं बोट मानेपासून खाली माकडहाडापर्यंत जायचं, आणि परत वर येऊन पुन्हा खाली. हात चोळले नाहीत, पाय चोळले नाहीत. पाठच. पोरगी रडायची थांबून गप्प पडून राहिली होती. आम्ही आलेलं मंजुळाबाईला कळलंही नाही.

प्रियंका दारात टेकून बसली होती. ती हसून म्हणाली, "आत्याबाई, पानी गार होऊन राहिलं. एका लेकराची पाठ किती येळ चोळता?"

"एका लेकराची कुठं," मंजुळाबाई बोट न थांबवता म्हणाली. "दोघींची चोळून राहिले."

प्रियंकाचं हसू थांबलं. ती उठली, चुलीवरचं पातेलं आणलं आणि बादलीत आणखी गरम पाणी ओतलं.