मोटीच्या चामड्याचा वायसर

गाडीचं ऑइल घरी बदलायला मला कोणी शिकवलं नव्हतं. येतंच आपल्याला, असं मीच ठरवलं होतं. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं नवं होतं. अमडापूरच्या आमच्या मळ्यातली मोट जाऊन विहिरीवर डिझेलचं इंजिन आलं होतं आणि ते मी स्वतः खोलून स्वतः जोडायचो. गावात कोणाचं इंजिन रुसलं की मला बोलावणं यायचं. त्या बोलावण्यांनी मी जरा जास्तच शहाणा झालो होतो.

गाडी हौसेची नव्हती. चिखलीच्या एका गुत्तेदाराची जुनी मोटार मी घेतली, ती बायकोसाठी. तिला पोटात पाणी साठायचा आजार जडला होता. दर पंधरा दिवसांनी बुलढाण्याला न्यायचं, डॉक्टर सुई घालून पाणी काढायचे. पाणी काढलं की आठेक दिवस ती माणसात यायची. अर्धी भाकर खायची, मेथीच्या जुड्या बांधायला बसायची. मग पोट पुन्हा तट्ट फुगायचं आणि धाप लागायची. बसमध्ये तिला बसवत नसे. मोटारीच्या मागच्या सीटवर गोधडी टाकली की कुशीवर निजून ती कशीबशी जायची.

डॉक्टरांनी पहिल्याच खेपेला मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, हे बरं होणारं नाही, जितके दिवस आहेत तितके दिवस तिला श्वास घेता येईल एवढंच. मी तिला ते सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही, म्हणजे तिला ठाऊकच होतं. आम्ही फक्त पुढच्या गुरुवारचं बोलायचो, कारण डॉक्टर हे काम गुरुवारी दुपारपर्यंतच करत.

अशाच एका गुरुवारच्या आदल्या दिवशी मी ऑइल बदलायला काढलं. ते काळं, घट्ट झालं होतं आणि गाडीनं वाटेत दगा दिला तर काय, ही भीती मला कायम असायची. चिखलीच्या मिस्त्रीकडे दिली तर तो चार दिवस अडकवून ठेवणार. म्हटलं, आपण आहोत की.

पुढची चाकं धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, चढवून खाली शिरायला जागा केली. इंजिन थोडं चालवून तापवलं, म्हणजे ऑइल पातळ होऊन पुरतं उतरतं. इंजिनाखाली ऑइलाचं भांडं असतं, त्याला चेंबर म्हणतात. त्याच्या बुडाशी एक जाड बोल्ट. तो सोडला आणि घमेल्यात काळी धार लागली. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. बोल्टाला तांब्याचा वायसर, म्हणजे गळती रोखणारी चकती, होता, तो चेपून पातळ झाला होता आणि एका जागी चिरला होता. गाडी आधीपासून थेंब थेंब गळायची ती त्याच्यामुळंच. तोच परत लावला असता तर गळत गळत का होईना, बुलढाण्याला पोचलो असतो. पण मला एक थेंबसुद्धा गळायला नको होता. मी तो वायसर उचलून कुंपणात फेकला.

नवा वायसर गावात मिळणार नव्हता. थोरले भाऊ शेजारी बसून बघत होते. ते म्हणाले, "मोटीचं चामडं हाय ना बे गोठ्यात. पंपाले नाही का लावलं आपुन?" खरंच होतं. विहिरीवरच्या पंपाच्या जोडांना आम्ही जुन्या मोटीच्या चामड्याचे वायसर कापून बसवले होते आणि ते वर्षभर गळले नव्हते. आमच्याकडे तेव्हा बहुतेक मळेवाले हेच करायचे. मोटा उतरल्या होत्या, चामडं घरोघर पडून होतं. भावानं रापीनं छान गोल वायसर कापला, करडीच्या तेलात भिजवला. मी तो चढवून बोल्ट आवळला.

बायको निंबाखाली बाजेवर पडून हे पाहत होती. तीही मळेवाल्यांचीच लेक. म्हणाली, "अवो, ते चामडं पान्यात हाय तोवर ठीक. मोट दोन दिवस कोरडी राह्यली का आमचे बाबा तिले भिजू घालत. आखडते ते. इंजिनात तर आग असते."

मी गाडीखालूनच ओरडलो, "तुले काय समजते इंजिनातलं? पडून राय गपचूप."

तिला मी आजारपणात कधी दुखवलं नाही असं लोक सांगतात. लोकांना काय माहीत?

नवं ऑइल ओतलं. बोल्टाखाली एक कोरा कागद अंथरला आणि सकाळी पाहिला तर तो होता तसा कोरा. मी तो कागद भावाला दाखवला, शेजाऱ्यांना दाखवला आणि शेवटी बाजेजवळ नेऊन तिलाही दाखवला. ती म्हणाली, "बरं झालं." गार चेंबर गळत नव्हता, यात काय नवल? पण इंजिन तापवून एकदा पाहावं, हे मला सुचलं नाही. विहिरीवरच्या पंपाला कधी तसं पाहावं लागलं नव्हतं.

चिखली मागं पडली आणि काचेखालचा ऑइल संपल्याची खूण करणारा लाल दिवा लागला. तो दिवा मधूनमधून उगीचच लागायचा, वायर सैल असेल म्हणून मी कधी मनावर घेतलं नव्हतं. मैलभरानं जळका वास आला, इंजिन खडखडलं आणि एकदम जाम झालं. खाली शिरून पाहिलं तर बोल्ट जागेवर नव्हता. चेंबर कोरडा होता.

यानंतर मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. तिला गाडीतच ठेवून मी बोल्ट शोधायला मागं निघालो. इंजिन जाम झालं होतं, बोल्ट सापडून काही उपयोग नव्हता, हे विहिरीवरच्या इंजिनाला हात लावलेल्या कोणालाही कळलं असतं. पण मी रस्त्यावरची ऑइलाची काळी रेघ बघत उन्हात चालत राहिलो. बोल्ट सापडला. चामडं आखडून, वाकून, खरपुडीसारखं झालं होतं. ते आकसलं तसा बोल्ट ढिला पडला आणि हादऱ्यांनी फिरत फिरत निघाला. मला ते सगळं तिथं उभ्या उभ्या समजलं आणि अशा वेळी समजून काय करायचं, म्हणून रडू आलं.

चालता चालता समोरून बुलढाण्याची बस धुरळा उडवत गेली होती. मी हातसुद्धा केला नाही, माझी नजर खाली रस्त्यावर होती. परत आलो तेव्हा ती म्हणाली, "बस थांबली होती. ड्रायव्हर म्हने, चला बाई, आडवं व्हायले जागा करतो."

"मंग गेली काऊन नाही?"

"तुम्ही मांगं गेले होते. मले एकटीले उतरता बी येत नव्हतं."

मी बोल्ट हातात धरून उभा होतो. दुपारपर्यंत पोचेल अशी दुसरी बस नव्हती.

तासाभरानं चिखलीकडे जाणारी एक बैलगाडी आली. कडब्यावर गोधडी टाकून तिला निजवलं. चाक दगडावरून गेलं की ती ओठ आवळायची. मी म्हणालो, चिखलीत कोणाची तरी मोटार मागतो, डॉक्टरांच्या घरी जाऊन पाय धरतो, उद्या काढतील पाणी. ती म्हणाली, "आता नको. मले घरीच राहू द्या. लई झालं येनंजानं."

मी जोर करायला हवा होता. चिखलीत मोटार मिळाली असती. डॉक्टर भले होते, त्यांनी नाही म्हटलं नसतं. आणखी एखादा महिना तिला धड श्वास घेता आला असता. मी "बरं" म्हणालो. त्या एका शब्दात दर पंधरा दिवसांची ती धास्ती, तो रस्ता, तिचं ते कण्हणं, सगळं माझ्या अंगावरून उतरलं. मला सुटल्यासारखं वाटलं.

ती कडब्यावर पडल्या पडल्या माझ्या तोंडाकडेच पाहत होती. तिनं मान दुसरीकडे वळवली.