खदानवाडीचा शेवटचा सुरुंग

रामदास मर्चंडे पोस्टातून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांच्या गळ्यात इतिहास पडला. मुंबईत घोडपदेवची त्यांची खदानवाडी पाडून तिथे टॉवर होणार होता. त्याआधी वाडीची एक स्मरणिका काढायची, असं रहिवाशांच्या समितीने ठरवलं. इतकी वर्षं लोकांची पत्रं चाळलेला माणूस, त्याला लिहिता येणारच, असा समितीचा समज.

वाडी मूळची खाणकामगारांची. टेकडीच्या पोटात दगडाची खदान होती. रत्नागिरीकडून आलेली माणसं तिथे दगड फोडायची, खडी करायची. एकोणीसशे एकोणसाठ साली शेवटचा सुरुंग उडाला, खदान बंद झाली आणि माणसं गिरण्यांत, गोदीत पांगली. एवढं सगळ्यांना पाठ होतं.

रामदास वही घेऊन घरोघर फिरले. पहिल्याच खोलीतला गौतम म्हणाला, "काका, लिहून घ्या. शेवटच्या सुरुंगाला बत्ती आमच्या आजोबांनी दिली." शेजारच्या खोलीत अण्णांनी तेच सांगितलं, फक्त आजोबा त्यांचे. नऊ घरं झाली तेव्हा वहीत नऊ आजोबा एकाच वातीवर वाकलेले होते. त्यात पंचाईत अशी, की दहावे रामदासांचेच आजोबा, दगडू मर्चंडे. ही गोष्ट त्यांनी नातवंडांना आणि पोस्टातल्या दोन साहेबांना रंगवून रंगवून सांगितली होती.

खदान डोळ्यांनी पाहिलेलं एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे सत्त्याहत्तर वर्षांच्या मीराबाई. रामदास गेले तेव्हा त्या लसूण सोलत होत्या.

"जय भीम, मावशी. शेवटचा सुरुंग कोणी उडवला?"

"तू कोणाचं नाव लिहिलंस?"

"दगडू मर्चंडेंचं," रामदास हळूच म्हणाले.

मीराबाईंना हसता हसता ठसका लागला. "दगडूमामा? दिवाळीत लवंगी वाजली तरी तो मोरीत जाऊन बसायचा."

मग त्यांनी सांगितलं. त्या दिवशी बत्ती देणारा रामजी तापाने पडला होता. मुकादम म्हणाला, सुरुंग उडाल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही. आणि वातीजवळ जायला एकही बाप्या तयार होईना. मीराबाईंच्या आईचं, गुणाबाईंचं, पोर घरी तान्हं होतं. तिने डोक्यावरची पाटी खाली ठेवली, मुकादमाच्या हातातली पेटती विडी घेतली, वातीला लावली, विडी त्याला परत दिली आणि म्हणाली, "पळा."

एक दगड उडून टेकडीखालच्या बंगल्यात गेला. तिथे लग्न होतं. दगड थेट जिलेबीच्या पाकात. कोणाला खरचटलं नाही, पण नवरदेवाच्या काकांचा फेटा डोक्याला जो चिकटला तो कात्रीने काढावा लागला. बंगलेवाला वजनदार माणूस. पोलीस आले आणि महिन्याभरात खदान बंद.

"आणि आमचे आजोबा?"

"सगळे बापे तीन दिवस पाहुण्यांकडे जाऊन लपले. जो तो म्हणे, मी नाही, मी नाही."

"पोलिसांनी गुणाआजीला धरलं नाही?"

"विचारलंच नाही रे. बाई बत्ती देईल, हे त्यांच्या टाळक्यातच आलं नाही."

त्या रविवारी विहारात रामदासांनी हे सगळं समितीला वाचून दाखवलं. एकच गलका झाला. अण्णा उठले. "पुरावा काय?"

रामदासांच्या अंगातलं सरकारी खातं जागं झालं. "पुरावा नाही," ते म्हणाले. "पण पोलिसांत तक्रार झाली होती आणि जबाबदार कोण, ते कधी ठरलं नाही. ज्यांना आजोबांचं नाव घालायचंय त्यांनी तसं लेखी द्यावं. खाली सही, पूर्ण पत्ता."

त्यांनी पेन पुढे केलं. ते सगळ्या हॉलभर फिरून टोपण न उघडता परत आलं.

स्मरणिकेच्या पहिल्या पानावर गुणाबाईंचं नाव छापलं. फोटो कोणाकडेच नव्हता. रामदास पहिली प्रत घेऊन मीराबाईंकडे गेले. मीराबाईंनी ती डोळ्यांजवळ धरली आणि एकेक अक्षर लावत आईचं नाव वाचलं.

"रेशनकार्डावर आईचं नाव चुकलं होतं," त्या म्हणाल्या. "शेवटपर्यंत नाही सुधारलं कोणी. हे बरोबर आहे."

मग स्मरणिका उशीखाली सरकवून त्या उठल्या.

"बोंबलाचं कालवण केलंय. जेवून जा."