गो, वेंट, गॉन

समोरच्या गॅलरीत सुरेखा मेथी निवडत बसली आहे आणि एकेका काडीला एकेक क्रियापद म्हणते आहे. "गो, वेंट, गॉन. ईट, एट, ईटन." चाळिशीला आलेली ही बाई शाळेत माझी विद्यार्थिनी होती. इंग्रजी भूतकाळाची रूपं मी तीस वर्षं मुलांकडून अशीच घोकून घेतली, पाढ्यांच्या चालीत, आणि चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. प्रश्नांची उत्तरं मात्र मीच फळ्यावर लिहून द्यायचे. आमचा वर्ग रस्त्यापर्यंत ऐकू जायचा, आणि त्याचा मला केवढा अभिमान!

नवरा गेल्यापासून ती नोकरी शोधते आहे. परवा तिसऱ्या इंग्रजी मुलाखतीतूनही हात हलवत परत आली आणि तडक माझ्याकडे आली.

"बाई, मला सगळी पाठ आहेत हो. विचारा कुठलंही."

मी विचारत गेले. एकही चुकलं नाही. मग इंग्रजीत साधंच विचारलं, काल दिवसभर काय केलंस?

तिला प्रश्न कळला. ओठ हलले आणि थांबले. काल तिनं पाणी भरलं असेल, सासूला दवाखान्यात नेलं असेल, कदाचित रडलीही असेल. त्या सगळ्याची रूपं जिभेवर होती, वाक्य एकही नव्हतं. येणार कुठून? तीस वर्षांत मी एकाही मुलाला त्याचा कालचा दिवस विचारला नव्हता.

मग सवयीनं तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली, फळा असायचा तिथं. मागे नुसती भिंत होती.