उन्हाळ्यात बसलेली कानबाई

मला प्रदर्शनं बघायला आवडत नाहीत. नातवंडं ओढून नेतात तेव्हा मी दारातल्या बाकावर बसून राहते. त्याला कारण आहे नंदुरबारचा एक उन्हाळा.

साठच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट, मी शाळेत होते. मोठ्या शहरातल्या एका संग्रहालयाचं फिरतं प्रदर्शन रेल्वेने आलं आणि मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या शाळेच्या सभागृहात मांडलं गेलं. ताम्रपट, नाणी, नदीकाठी उकरलेली खापरं. बाहेर ऊन मी म्हणायचं, आणि मी आत त्या गार खोलीत तासन्‌तास रमायचे. तेव्हा मला ते सगळं फार आवडलं होतं, हेही खरं.

वडील त्याच शाळेत मास्तर. प्रदर्शनाच्या साहेबांनी ‘आपला मुलूख’ नावाचा कोपरा त्यांच्यावर सोपवला आणि त्यांचे पाय जमिनीवर ठरेनात. हंडे, घागरे, तिरकमठे, सातपुड्यातले मातीचे घोडे, दिसेल ते गोळा करत सुटले. घोडे कुणाच्या तरी नवसाचे. ते कुणाला विचारून उचलले, देव जाणे. तरी देवांचं टेबल त्यांना रिकामं वाटलं. आई आणि मी मामाकडे तळोद्याला गेलो होतो, तेवढ्यात त्यांनी ट्रंकेतून आमची कानबाई काढून नेली.

खानदेशाबाहेरच्यांना सांगायला हवं. कानबाई म्हणजे नारळ. पण वाडवडिलांनी परणून, म्हणजे लग्न लावून घरात आणलेला. तोच पिढ्यान्‌पिढ्या चालतो. श्रावणातल्या एका रविवारी तिला नथ, डोळे लावून चौरंगावर बसवायचं, रात्रभर गाणी म्हणत जागायचं, सकाळी नदीवर न्हाऊ घालून परत आणायचं. बसलेल्या कानबाईला एकटं सोडायचं नाही, उपाशी ठेवायचं नाही. आई हे लग्न झाल्यापासून जिवापाड जपत आली होती.

परत आल्यावर आळीतल्या बायकांबरोबर आम्ही प्रदर्शनाला गेलो. बायका ताम्रपटांकडे ढुंकूनही बघत नव्हत्या. सगळ्या त्या कोपऱ्यात जाऊन डोक्यावर पदर घेत होत्या. कुणीतरी नवसाची कानबाई भर उन्हाळ्यात बसवलीय, असंच त्यांना वाटलं होतं. टेबलावर कुंकू, तांदूळ, बांगड्या पडल्या होत्या आणि शिपाई वैतागून झाडत होता.

आईने नथ ओळखली.

“ही त आपली शे,” ती म्हणाली. मग जन्मात परपुरुषाशी न बोललेली माझी आई साहेबांसमोर उभी राहिली. “मन्ही कानबाई माले द्या. ती उपाशी शे.”

साहेब हसले. प्रदर्शन इथून पुढच्या गावी जाईल, सगळं फिरून झालं की वस्तू परत पाठवू, असं त्यांनी वडिलांना समजावलं. आईला नाही, वडिलांना. आई तिथेच फरशीवर बसली आणि कानबाईची गाणी म्हणायला लागली. एकेक करत बायका तिच्याभोवती बसल्या.

“ऊठ. लोक बघत आहेत,” वडील म्हणाले. घरात अहिराणी बोलणारा माणूस, त्या क्षणी पुस्तकी मराठीत. मला आधी आईची लाज वाटली, आणि मग वडिलांचा असा संताप आला की मी त्यांच्याकडे पाठ फिरवून आईशेजारी बसले.

शेवटी साहेब कंटाळले. “द्या तो नारळ त्यांना.”

शिपायाने नारळ उचलला, तर तो निघेना. पडू नये म्हणून खालून लाकडी पाटात स्क्रू पिळला होता. त्याने हिसका दिला. आत वाळलेलं खोबरं खुळखुळलं आणि कानबाई आईच्या पदरात पडली. आईने बुडाच्या भोकावर बोट ठेवलं. ते बोट तिने घरी येईपर्यंत काढलं नाही.

श्रावण आला. आळीत घरोघर रोटांचे, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याचे, गहू निवडायला घेतले होते. भोक पडलेली कानबाई बसवता येत नव्हती, आमचं सूप भिंतीला टांगलेलंच. देवाधर्माला कायम नाक मुरडणारे वडील तीन-चार दिवस घुटमळले, आणि एका संध्याकाळी चुलीपाशी येऊन म्हणाले, “नवं नारय परणी लयूत. मी लयस.”

आईने भाकरी उलटली. “तुम्हीन त ती उन्हायामाच बसाडी दिन्ही. आते कसानी कानबाई?”

त्यानंतर आमच्या घरात कानबाई कधी बसली नाही.