आमची वेगळी सुई

"बघ, ही रडते का? ह्या लोकांची कातडी जाड असते."

कंपाउंडर माझ्या बहिणीकडं बोट दाखवून पाटलाच्या नातवाला सांगत होता. तो आठ वर्षांचा घोडा, सुईच्या नावानं भोकाड पसरायचा. माझी छबू सहा वर्षांची. दवाखान्याच्या पायरीवर पालथी झोपलेली, कारण महारवाड्यातल्या माणसानं आत यायचं नव्हतं. दोघांना आजार एकच, टीबी. औषधही एकच.

दुष्काळाचं साल होतं. आई-बाप खडी फोडायला जायचे, म्हणून छबूला कडेवर घेऊन मी न्यायचे. मी अकराची. श्रीगोंद्याच्या डॉक्टरनं बजावलं होतं, तीन महिने रोज सुई, खाडा झाला तर पोरगी हाताला लागायची नाही. आणि आईनं छबूला बजावलं होतं, "रडायचं न्हाई बाई. रडलीस तर ते टोचायचे न्हाईत." म्हणून ती माझ्या परकराचं टोक दातात धरायची. कंपाउंडर कापूस माझ्या हातात वरून टाकायचा, चोळायचं मी. घरी येईस्तोवर छबूच्या कमरेला गाठ आलेली असायची. आई मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून शेकायची. पाटलाचा नातू मात्र सुई झाली की गोट्या खेळायला पळायचा. मला वाटायचं, खात्यापित्या घरचा आहे, त्याला सोसत असेल.

मग एकदा मी नीट बघितलं. नातवाची बारीक सुई कंपाउंडरनं उकळत्या भांड्यात टाकली. खिडकीतला तंबाखूचा डबा उघडला. त्यात एक जाड सुई होती. तिच्यावर जरा गरम पाणी ओतलं आणि छबूकडं वळला.

"काका, ती बारीक लावा की," मी म्हणाले.

"ती गावाची. ही तुमची. टोचतोय हेच नशीब समज."

आड वेगळा, हॉटेलात कप वेगळा, हे मला ठाऊक होतं. सुईसुद्धा वेगळी असते हे त्या दिवशी कळलं. त्या बोथट सुईनं रोज माझ्या बहिणीची कंबर फाडली होती, आणि मीच तिला धरून ठेवत होते.

वाटेनं छबूनं विचारलं, "आक्का, माजी कातडी जाड हाय का गं?"

"न्हाई."

"मला लई दुकतं."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"आई म्हनली ना."

दुसऱ्या दिवशी कंपाउंडरनं पुन्हा तेच सुरू केलं. बघ, ही रडते का. छबूनं मान वर केली.

"मला बी दुकतं. सुई बदला."

"लई तोंड चालाय लागलं. उठा. उद्यापासून यायचं नाही."

दोन दिवस पायरीवर बसून तसेच परत आलो. तिसऱ्या दिवशी आई काम बुडवून आली. कंपाउंडरचे पाय धरता येत नव्हते, त्याला विटाळ झाला असता. म्हणून तिनं पायरीवर डोकं ठेवलं. त्यानं तोच डबा काढला.

"आधी हिला माफी मागाय सांग."

छबू आपली आपणच पालथी झाली.

"टोचा," ती म्हणाली.

सुई आत गेली आणि ती रडली. मोठ्यानं, चावडीपर्यंत ऐकू जाईल असं. आईनं घाबरून तिचं तोंड दाबलं. मी आईचा हात ओढून काढला.

आखाडात छबू गेली. त्या चुकलेल्या सुयांनी गेली, की जायचीच होती, कुणी सांगितलं नाही. विचारायचं कुणाला? पाटलाचा नातू बरा झाला. त्याच्यावर माझा राग नाही, तोही पोरच होता.

लोकांना वाटतं, आता ही म्हणणार, मी शिकले, नर्स झाले. नाही झाले. खडीच फोडली. पण माझ्या पोरांना सुई द्यायची वेळ आली, तेव्हा दर वेळी आधी पुढं होऊन म्हणाले, "सुई दाखवा." आणि पोरांना सांगून ठेवलंय, दुखलं की रडायचं. मोठ्यानं रडायचं. तुमचं तोंड मी दाबणार नाही, आणि दुसऱ्या कुणाचा हात तिथवर पोचू देणार नाही.