पहिला हॉर्न

लाकूडकामाच्या जागी भुसा साठतो. सकाळी झाडून काढावा, संध्याकाळी पुन्हा घोट्याएवढा. किश्शांचंही तसंच आहे. कुणी गोळा करत नाही, आपोआप साठतात. भुसा निदान चुलीला उपयोगी पडतो. किस्से सांगून टाकायचे. जागा मोकळी होते.

माझं शिक्षण चौथी. पुढे करवत हातात आली, ती सुटली नाही. नाशिकला द्वारका चौकाजवळ ट्रकच्या बॉड्या बांधायचा कारखाना होता, तिथे मी हेडमिस्त्री होतो. नव्वद सालानंतरचा काळ. कंपनीतून ट्रक उघडा यायचा. इंजिन, चाकं, स्टिअरिंग, बस. त्याला चासी म्हणतात. ड्रायव्हर फळकुटावर बसून, तोंडाला फडकं बांधून ती घेऊन यायचा. केबिन आणि मागची बॉडी आम्ही बांधायचो. लाकूड माझं, लोखंड काशिनाथचं, रंग युसूफभाईचा.

आमच्याकडे एक नियम होता. चासी आत आली की पहिलं काम हॉर्नची वायर काढायची. नाहीतर येणारा-जाणारा दाबत बसतो. वायर जोडायची ती गाडी पूर्ण झाल्यावर, नारळ फुटल्यावर. आणि पहिला हॉर्न वाजवायचा कामगाराने. कोणत्या कामगाराने, ते मी ठरवायचो. नारळ गाडीमालकाचा, पेढे कारखान्याच्या शेठचे, हॉर्न कामगाराचा.

नाव सांगण्याआधी मी तंबाखू मळायचो. सावकाश. समोर नातवंडं असलेली माणसं शाळेतल्या पोरांसारखी उभी असायची. मला घाई करायचं काही कारण नव्हतं.

*

विंचूरचे अण्णा कांद्याचे व्यापारी. पहिला ट्रक घेतला होता. पांढरा सफारी, कपाळाला गंध, तोऱ्यात आले. नारळ फोडला आणि कुणाला काही न विचारता केबिनमध्ये चढले. हॉर्न दाबला.

आवाज नाही. पुन्हा दाबला. नाही.

"अहो मिस्त्री, हा तर आत्ताच बिघडला!"

"बिघडला नाही. वायर जोडायची आहे."

"मग जोडा की!"

मी नियम सांगितला. अण्णा लाल झाले. "गाडी कुणाची?"

"तुमची."

"पैसा कुणाचा?"

"तुमचा."

"मग हॉर्न?"

"उद्यापासून तुमचा."

अण्णा धुसफुसत उतरले. त्या दिवशी हॉर्न काशिनाथने वाजवला. अण्णांनी पेढा घेतला नाही.

पुढे त्यांनी दुसरी गाडी आमच्याकडेच बांधली. त्या वेळी नारळ फोडून ते स्वतःच माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. हळूच म्हणाले, "मिस्त्री, आज नाव कुणाचं? मला तरी सांगा!"

सांगितलं नाही.

*

काशिनाथबद्दल इथेच सांगतो. लोहारकाम त्याचं. जन्मभर लोखंडावर हातोडा. कान त्यातच गेले, आमच्याकडे यायच्या आधीच. आधी हळू बोललेलं ऐकू येईना, मग मोठ्याने बोललेलंही येईना. आम्ही त्याच्याशी हातवारे करून बोलायचो. चहा आला की कुणीतरी त्याच्यासमोर फडकं हलवायचं.

पण हॉर्न त्याला ऐकू यायचा. नवीन गाडीचा, केबिनमध्ये बसून दाबलेला.

त्याची पद्धत ठरलेली. चढण्याआधी चप्पल काढायचा. डावा हात स्टिअरिंगसमोरच्या फळीवर सपाट ठेवायचा. डोळे मिटायचा. मग उजव्या हाताने दाबायचा. खाली उतरला की दिवसभर गडी वेगळाच. लोखंडसुद्धा हळू ठोकायचा.

"मिस्त्री," मला म्हणायचा, "घरातलं बोलणं नाय, देवळातली घंटा नाय. सगळं गेलं. ह्यो एवढा येतो बघा."

हाही यायचा बंद झाला तर काय, हे तो बोलत नसे. आम्हीही बोलत नसू.

*

युसूफभाई पेंटर. नंबरप्लेटपासून ट्रकच्या पाठीवरच्या मोरापर्यंत सगळं त्याच्या हाताचं. शुक्रवारी नमाज झाली की हा माणूस घरी जायचा नाही. द्वारकेच्या चौकात जाऊन उभा राहायचा. मुंबईच्या गाड्या, धुळ्याच्या गाड्या, पुण्याच्या गाड्या, सगळ्यांचा गुंता तिथे. लोक ट्रॅफिकला शिव्या देत, हा खूश. गाड्या अडकल्या की त्याला आपले जुने मोर बघायला मिळत.

"वो देखो, आपला मोर! दोन पावसाळे खाल्ले, पण मान बघा कशी ताठ!"

एकदा हवालदाराने बराच वेळ बघितलं. म्हातारा माणूस, धड इकडे जात नाही, धड तिकडे जात नाही. त्याला दया आली. हात धरून म्हणाला, "चाचा, चला, रस्ता ओलांडून देतो."

युसूफभाई म्हणाला, "ओलांडायचा नाही साहेब. आपण फक्त धुळ्याच्या गाड्या अजून पाच मिनिटं अडवून धरा!"

*

महादू पेठ तालुक्यातला. भात निघालं की नाशिकला यायचा, पेरणीच्या तोंडावर परत जायचा. फळ्या उचलायचं काम. राहायला खोली घेतली नव्हती. जी बॉडी बांधून होत आली असेल तिच्यात पथारी टाकायचा. गाडी गेली की पुढच्या गाडीत.

शेठने बंगला बांधला तेव्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं. महादू सगळ्या खोल्या फिरून आला. शेठने कौतुकाने विचारलं, "कसं वाटलं रे घर?"

"चांगलं हाय शेठ. पण तुमाला जलमभर ह्येच वापरायचं. माझं बघा, दर महिन्याला नवं कोरं, वर चाकं पण!"

शेठ हसले. शेठीणबाई हसल्या नाहीत.

या महादूचं नाव मी पहिल्यांदा घेतलं तेव्हा तो हलेचना. ढकलून वर चढवला. हॉर्नवर हात धरून बसला. दाबेना.

"काय झालं?"

"कुणी रागवायचं नाय ना?"

"नाही. दाब."

त्याने दाबला तो सोडेचना. समोरच्या टपरीवरची माणसं बाहेर आली. शेवटी ड्रायव्हरने त्याचं मनगट धरून हात उचलला. महादू घामाने भिजला होता.

"एवढा वेळ कशाला रे?"

"आमच्या पाड्यापत्तूर जातो का, ते बघत व्हतो."

*

शांताबाईंचा चहाचा गाडा कारखान्याच्या फाटकापाशी. जीभ करवतीपेक्षा धारदार. एकदा नारळ फुटायच्या वेळी येऊन उभ्या राहिल्या.

"मिस्त्री, माझं नाव कधी घेणार?"

"नियम आहे बाई. गाडीला ज्याचा हात लागला त्याचाच हॉर्न."

"आन् माझ्या चहाबिगर गाडी बनती व्हय? ह्या तुमच्या लोकांचा हात तरी उचलल का?"

"चहा गाडीला लागत नाही. माणसाला लागतो."

बाई पुढे झाल्या. पदर खोचला, माझ्या पेटीतून हातोडा घेतला, एक खिळा घेतला, मागे चढल्या आणि तळाच्या फळीत ठोकला. तीन-चार घाव खिळ्याला बसले, बाकीचे फळीला. हातोडा परत पेटीत ठेवला.

"लागला हात. आता?"

युसूफभाईने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. मी तंबाखू मळली, थुंकलो आणि नाव घेतलं.

बाईंनी हॉर्न वाजवला आणि त्या दिवशीचा सगळ्यांचा चहा फुकट दिला.

खिळा वाकडा गेला होता. गाडी तशीच दिली.

*

शेठने पुढे ऑफिसला एसी बसवला. नवीन शतक लागलं होतं, गिऱ्हाइकाला काचेचं दार लागत होतं. पहिल्या आठवड्यातच मला शेठ बाहेर सागाच्या ओंडक्यावर बसलेले दिसले. उन्हात, बनियनवर, शेंगा सोलत.

"शेठ, एसी बंद पडला का?"

"नाही, चालू आहे. आत बसलं की शेंगांची टरफलं टाकता येत नाहीत!"

*

त्याच सुमाराची गोष्ट. निळी गाडी होती. मी काशिनाथचं नाव घेतलं. चप्पल काढून चढला. फळीवर हात, डोळे मिटले, हॉर्न दाबला. आम्ही जवळच उभे होतो. कानठळ्या बसल्या.

काशिनाथने डोळे उघडले. आमच्याकडे बघितलं.

"वायर जोडली का?"

मी मान हलवली. जोडली होती. मीच जोडली होती.

त्याने पुन्हा दाबला. शांताबाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले. काशिनाथने ते बघितलं.

"वाजला का?"

युसूफभाईने हळू मान डोलावली.

काशिनाथ उतरला. चप्पल घातली. पेढा हातात तसाच धरून भट्टीकडे गेला. नंतर तो पेढा ऐरणीवर दिसला. मुंग्या लागल्या होत्या.

पुढच्या गाडीच्या वेळी नारळ फुटताना तो बिडी आणायला म्हणून निघून गेला. त्याच्या पुढच्या गाडीलाही. युसूफभाई म्हणाला, "मिस्त्री, त्याचं नाव घेऊ नका आता. उगाच बिचाऱ्याला..."

"नाव कुणाचं घ्यायचं ते मी ठरवतो," मी म्हणालो.

पण घेतलं नाही.

*

काशिनाथची मुलगी मीना. सिन्नरला दिली होती. माहेरी राहायला आली तेव्हा तिने बापाला धरून डॉक्टरकडे नेलं. कानाचं मशीन लावा म्हणाले. हा तयार होईना. "म्हाताऱ्यांचं काम हाय ते." साठी ओलांडलेला माणूस! मीनाने तीन दिवस भाकरी थापली नाही. चौथ्या दिवशी मशीन लावून आला.

त्या दिवशीचा कारखाना बघण्यासारखा होता. गडी सगळीकडे बघत फिरत होता. वर पत्र्यावर चिमण्या आहेत हे त्याला कळलं. स्टो फरफरतो हे कळलं. शांताबाई दिवसभर बोलतात हेही कळलं.

चहाच्या वेळी युसूफभाई गप्प बसला होता. इतकी वर्षं हा माणूस काशिनाथच्या तोंडावर त्याला हसत-हसत शिव्या द्यायचा, आणि काशिनाथही हसून मान डोलवायचा. आता पंचाईत.

काशिनाथ म्हणाला, "भाई, बोल की. ओठ बघून सगळ्या शिव्या कळत व्हत्या मला. फक्त चाल ऐकायची राहिली व्हती!"

मग माझ्याकडे वळला. "मिस्त्री, काहीतरी बोला."

"काय बोलू?"

"आवाज असा हाय व्हय तुमचा? मी समजत व्हतो, लय भारी असंल."

सगळे हसले. मी कामाला लागा म्हणालो.

*

मशीन ठोकाठोकीच्या वेळी काढून ठेवायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. काशिनाथ ते रुमालात बांधून खिशात ठेवायचा. चहाला लावायचा, सुट्टी झाली की लावायचा. आणि एक दिवस विंचूरच्या अण्णांची तिसरी गाडी तयार झाली. लाल.

सकाळी काशिनाथ दाढी करून आला. बिडी आणायला गेला नाही. भट्टी सोडून पुढे येऊन उभा राहिला. कानामागे मशीन. मीनाही आली होती, कडेवर पोर घेऊन. अण्णांनी नारळ फोडला. मी वायर जोडली, ओढून बघितली, पुन्हा ओढून बघितली. मग तंबाखू काढली. मळली नाही, परत ठेवली.

"काशिनाथ."

चप्पल काढून चढला. फळीवर हात. डोळे मिटले. शांताबाईंनी तोंडाला पदर लावला. महादू वर टपावर चढून बसला होता, तोही हलायचा थांबला.

काशिनाथने हॉर्न दाबला.

आणि विंचू चावल्यासारखा हात मागे घेतला! डोळे मोठे झाले. हॉर्नकडे बघितलं. आमच्याकडे बघितलं. आम्ही सगळे कानात बोटं घालून उभे होतो.

"रोज असाच वाजतो?"

"असाच," मी म्हणालो.

"इतकी वर्सं?"

"इतकी वर्षं."

मीना पुढे झाली. "आबा, आलं ना ऐकू?"

"आलं पोरी."

मग त्याने कानामागचं मशीन काढलं. रुमालात गुंडाळलं. खिशात ठेवलं. डावा हात लाकडाच्या फळीवर सपाट ठेवला, डोळे मिटले आणि हॉर्न दाबला. दाबूनच ठेवला. हाताखाली फळी थरथरत असणार. त्याचा चेहरा मी खालून बघत होतो, पूर्वी हॉर्न ऐकू यायचा तेव्हा व्हायचा तसाच.

कडेवरचं पोर रडायला लागलं. फाटकाबाहेर माणसं जमली. अण्णा माझ्या कानाशी येऊन ओरडले, "मिस्त्री, पुरे सांगा त्याला! बॅटरी उतरेल माझ्या गाडीची!"

मी म्हणालो, "अण्णा, हॉर्न उद्यापासून तुमचा."