तांब्याच्या हंड्यातलं पाणी

जानेवारीचं आभाळ राखेसारखं खाली आलेलं. चामराजपेटच्या त्या गल्लीत नळ एक दिवसाआड, सकाळी सहाला येतो. सकवारबाई शाल गुंडाळून नळाशी बसली होती. एक बादली माडीवर नेऊन गाळणीत ओतली होती, दुसरी भरत होती. गाळणी म्हणजे रंगाचे दोन रिकामे प्लास्टिकचे डबे, एकावर एक. वरच्याला तळाशी भोकं. त्यात स्पंज, लाकडी कोळसा, धुतलेली वाळू. गळलेलं पाणी दिवसभर उघडं ठेवायचं, नळाच्या औषधाचा वास उडेपर्यंत. मग ते माशांच्या पेटीत.

गाळणी तिच्या नवऱ्याची, उमाकांतची. छापखान्यातून आला की आधी मासे, मग चहा. पाच महिन्यांपूर्वी तो गेला. मागोमाग चार मासे गेले. उरला एक, नारिंगी, फाटक्या शेपटीचा. सकवारबाई रडली नव्हती. लोक म्हणायचे, रडेल कधीतरी. ती नळाच्या दिवशी पाणी भरायची, एवढंच.

मासिक श्राद्धाला आनेकलहून वन्सं आल्या होत्या, रत्नाबाई. माडीवरून त्यांचीच हाक आली.

“सकवार! अगं, हा बघ कसा करतोय!”

ती वर आली. मासा कुशीवर तरंगत होता, तोंड उघडझाप करत.

“वन्सं, काय घातलंत ह्यात?”

“पाणीच की! तुझंच गाळलेलं. काल दिवे लागायच्या वेळी एक बादली हंड्यात ओतून ठेवली, पहाटे पेटीत घातली. माझ्या भावाचा मासा, त्याला प्लास्टिकातलं पाणी पाजायचं होय? चिंचेनं चारदा घासला हंडा.”

तांब्याचा हंडा कोपऱ्यात लखलखत होता. देवाला, पाहुण्याला, श्राद्धाला त्यातलंच पाणी. त्याहून शुद्ध पाणी वन्संना ठाऊकच नव्हतं.

बाजारात शोभेचे मासे विकणारा शेजारचा कानडी देवाप्पा गलका ऐकून आला. “अय्यो अक्का, तांबं म्हणजे माशाला विषच! जुनं पाणी हाय काय?”

“हाय.”

गाळलेली एक बादली जादा ठेवायची, हा उमाकांतचा नेम. तो मोडायचं तिला सुचलंच नव्हतं.

देवाप्पानं जाळीनं मासा उचलून त्या बादलीत सोडला. “आता स्वल्प थांबायचं. गेला तर संध्याकाळी दुसरा आणतो, चालेल, सरी?”

“नको.”

वन्संनी पदर तोंडाला लावला. “भावाचं एवढंच राहिलेलं, तेबी मी मारलं गं! तू बोल काहीतरी. शिव्या तरी घाल!”

सकवारबाई बादलीशी उकिडवी बसली. छातीत काही हलतंय का, वाट पाहिली. काही नाही. मासा उताणा झाला, परत कुशीवर आला. खाली नळाची धार कुणाच्या तरी घागरीत वाजत होती.

बऱ्याच वेळानं फाटकी शेपटी एकदा हलली. मासा सरळ झाला, झिंगल्यासारखा डुलला आणि तळाशी जाऊन टेकला.

“उमाकांतआण्णांसारखाच चिवट,” देवाप्पा म्हणाला.

“आणि तसाच हट्टी मेला,” वन्सं रडता रडता हसल्या.

सकवारबाईनं पेटीतलं पाणी उपसून मोरीत ओतलं. उद्या नळ नव्हता.

“वन्सं, डोळे पुसा. हंडा देवापाशी ठेवा.”

रिकामी बादली घेऊन ती खाली उतरली. धार बारीक झाली होती. तिनं बादली लावली.